खिडकीपासून टेबलापर्यंत नऊ पावलं

आधीच सांगून टाकते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. घड्याळ आणि थर्मामीटर यांच्याशी माझं जरा जास्तच जमतं. त्यामुळे हे वाचताना कुणाला वाटेल, ही बाई नाश्त्याला गेली होती की तपासणीला? तर त्या दिवशी मी दोन्हीला गेले होते.

रविवारची सकाळ. माझी नाइट ड्यूटी संपत आली होती आणि वडील लॅबमध्ये आले. वय ७६. वर्षातून दोनदा त्यांची साखर तपासतो, आधी उपाशीपोटी आणि मग खाल्ल्यानंतरची, म्हणजे आमच्या भाषेत फास्टिंग आणि पीपी. आदल्या रात्री साडेसातला जेवले होते, त्यानंतर फक्त पाणी. सकाळी ७.१० ला मीच त्यांचं रक्त काढलं, राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये. त्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं. ते नसेल तर ट्यूबमधल्या रक्तपेशी आपल्या त्याच रक्तातली साखर खात बसतात आणि तासाला पाच ते सात टक्के आकडा खाली येतो. आमच्या कामात नुसतं ताटकळणं हासुद्धा बिघाड असतो. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

पीपीचा नियम असा की पहिला घास तोंडात गेला ती वेळ लिहायची आणि तिथून बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त घ्यायचं. खाणं रोजचंच हवं, रोजच्याइतकं हवं, आणि पंधरा-वीस मिनिटांत संपलेलं बरं. घरून डबा आणायला मी बाबांना सांगायला विसरले होते. म्हणून लॅबपासून चालत दोन मिनिटांवर असलेल्या हॉटेलात त्यांना घेऊन गेले. नाव लिहीत नाही. नाव बघून शिव्या द्यायला लोक धावतात आणि तिथे काम करणाऱ्या एका मुलाबद्दल मला तसं नको आहे.

जागा छान आहे. काच पुसलेली, फरशी कोरडी, टेबलं डुगडुगत नाहीत. हात धुवायच्या बेसिनवर साबण होता आणि नळ कोपराने बंद करता येत होता, हे मी मनातल्या मनात टाळी वाजवून टिपलं. एकूण अकरा टेबलं, त्यातली चार भरलेली. स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामध्ये भिंतीत एक रुंद खिडकी आहे, तिच्यातून आचारी ताटल्या पुढे सरकवतो. आम्ही कोपऱ्यात बसलो, कारण बाबांना भिंतीला पाठ लावून बसायला आवडतं. तिथून खिडकी अगदी समोर दिसते. हे नसतं दिसलं तर बहुतेक मी दोन ओळी लिहून गप्प बसले असते.

बसलो ७.२५ ला, ऑर्डर घेतली ७.३२ ला. बाबांना दोन उकडलेली अंडी, पांढरं घट्ट आणि बलक जरा ओलसर. टोस्ट, लोणी आणि चहा, बिनसाखरेचा. या वयात अंडं पूर्ण शिजलेलंच बरं, हे लॅबवाली म्हणून मी सांगायलाच हवं. आमच्याकडे यावरून रोज वाद होतो आणि रोज मी हरते. मला ऑम्लेट, परतलेले बटाटे आणि काळी कॉफी. बिनसाखरेचा हा शब्द मी दोनदा उच्चारला. वेटर मुलगा, असेल वीस-बावीसचा, म्हणाला, "हो ताई, बिनसाखरेचा," आणि बाबांकडे बघून हसलासुद्धा.

७.३८ ला चहा आला. गोड. सरबतासारखा गोड. बाबांनी दोन घोट घेतले, मग कप माझ्याकडे सरकवला आणि हळूच म्हणाले, "अगं, हा चालेल का तुझ्या तपासणीला?" नाहीच चालणार. मी घाईघाईने फॉर्मच्या मागे लिहिलं, ७.३८, साखरेचा चहा, दोन घोट. मुलाला बोलावलं. तो खरोखर ओशाळला. चहा सकाळी एकदम केला जातो, साखर आधीच पडलेली असते, वेगळा हवा तर वेगळा ठेवावा लागतो, असं त्याने सांगितलं. ठीक आहे, पण मग ऑर्डर घेताना सांगायचं की थोडा वेळ लागेल. थांबायला माझी ना नव्हती.

मग अंडी. ७.५१ ला आली, टोस्टबरोबर. बाबांनी पहिलं अंडं चमच्याने दुभंगलं आणि चमचा तसाच हातात धरून बसले. बलकाभोवती हिरवट-करडी कड होती. ओलसर तर राहूच दे, बलकाचा भुगा झाला होता. "खराब आहे का गं?" त्यांनी विचारलं. खराब नव्हतं. अंडं फार वेळ गरम राहिलं की पांढऱ्यातलं गंधक वायू होऊन सुटतं, हायड्रोजन सल्फाइड, आणि बलकातल्या लोहाशी त्याची गाठ पडते. फेरस सल्फाइड तयार होतं, त्याचा तो रंग. खाल्लं तर काही होत नाही. पण ती कड म्हणजे अंड्याने स्वतःच लिहून ठेवलेली वेळ असते. ही अंडी आमच्या ऑर्डरनंतर पातेल्यात पडलेली नव्हती. पहाटे कधीतरी उकडून गरम पाण्यात ठेवून दिलेली होती, चहासारखीच.

खरं तर अंडं हा किती सोपा पदार्थ आहे! पांढरं साधारण ६२ अंशांना धरायला लागतं, बलक ६५ ते ७० अंशांच्या मध्ये घट्ट होतो. उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटं, मग गार पाणी, संपलं. ऑर्डर घेऊन १९ मिनिटं झाली होती. त्या वेळात दोनदा अंडी उकडून झाली असती.

बाबांनी खाल्लं. त्यांच्या पिढीला ताटातलं टाकायचं म्हणजे अंगावर काटा येतो. पहिला घास ७.५२. मी वेळ लिहिली. म्हणजे दुसरं रक्त ९.५२ ला.

टोस्टबद्दल मला खूप बोलायचं आहे, कारण टोस्ट बिघडवणं अवघड असतं आणि इथे ते जमवलेलं होतं. रंग उत्तम होता. पाव १४० अंशांच्या वर तापला की त्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांत मिसळून तो तपकिरी रंग आणि तो वास येतो. या क्रियेला मायार यांचं नाव आहे, १९१२ साली त्यांनी ती मांडली. म्हणजे भाजणाऱ्याने भाजलं होतं नीट. पण चार तुकडे एकावर एक रचून, वर कागदी रुमाल झाकून ठेवले होते. गरम टोस्टमधून वाफ निघत असते. तिला बाहेर जायला वाट नसली की ती शेजारच्या तुकड्यात शिरते. वरचा तुकडा चामट, मधले दोन ओले, खालच्याला ताटलीवरचं पाणी लागलेलं. चार तुकड्यांचे तीन प्रकार.

आणि लोणी. छोट्या चांदीच्या कागदातल्या वड्या, फ्रीजमधून थेट टेबलावर, दगडासारख्या. लोणी ३२ ते ३५ अंशांना पूर्ण वितळतं. टोस्टमध्ये तेवढीही ऊब उरली नव्हती. बाबांची बोटं हल्ली थोडी कापतात. तो कागद त्यांना उलगडेना. दोनदा प्रयत्न केला, मग वडी तशीच ताटलीच्या कडेला ठेवली, जणू त्यांना लोणी नकोच होतं. मी उघडून दिली. सुरीने लावायला गेले तर टोस्टला भोक पडलं. जॅमच्या डबीचंही तेच, तिचं झाकण माझ्याच्याने निघालं नाही, शेवटी किल्लीने भोसकलं. म्हाताऱ्या माणसांचा विचार करून एखाद्या वाटीत लोणी बाहेर काढून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? सकाळी सात वाजता हॉटेलात कोण येतं बघा एकदा. फिरून आलेले आजी-आजोबा, रात्रपाळीवाले आणि रक्त देऊन आलेले.

आता माझं ऑम्लेट. या परीक्षणाचं खरं कारण ते आहे.

ते होताना मी पाहिलं. आचाऱ्याने अंडी फोडली, काट्याने फेटली, कढईसारख्या खोलगट तव्यात ओतली, कडा आत ओढत गेला आणि वरचा भाग अजून चमकत असताना घडी घातली. हात सराईत होता. मला भूक लागली होती आणि बघून बरं वाटलं. ७.४६ ला त्याने ताटली खिडकीत ठेवली आणि घंटी वाजवली. ऑम्लेटमधून वाफ येताना मला माझ्या जागेवरून दिसत होती.

खिडकीपासून आमच्या टेबलापर्यंत नऊ पावलं आहेत. नंतर मोजली.

त्या नऊ पावलांना अकरा मिनिटं लागली. कारण एवढ्या जागेला वेटर एकच, आणि तो पार्सलं भरत होता. गल्ल्याशेजारच्या छोट्या यंत्रातून सारख्या पट्ट्या निघत होत्या, हेल्मेटवाले दारात उभे होते, आणि गल्ल्यावरचे गृहस्थ पट्टी फाडून त्या मुलाच्या हातात देत होते. त्याने डबे भरायचे, झाकणं दाबायची, पिशवीला गाठ मारायची, नंबर ओरडायचा. मधल्या वेळात आमच्याकडे यायचं. आणखी गंमत म्हणजे खिडकीच्या बाजूला भिंतीवरचा पंखा फिरत होता, आचाऱ्याला घाम येऊ नये म्हणून असेल, पण त्याचा वारा थेट त्या ताटल्यांवर. खिडकीवर ताटल्या ऊबदार ठेवायचा दिवाही लटकत होता. तो बंद होता.

म्हणजे घरी बसलेल्या माणसाचा नाश्ता खिडकीतून उचलला की लगेच झाकणाखाली जात होता, आणि इथे येऊन बसलेल्या माणसाचा नाश्ता पंख्याखाली वाळत होता. पार्सलवर माझा राग नाही. रात्रपाळीला मीही मागवते. पण मग टेबलं मांडायचीच कशाला, असा प्रश्न त्या अकरा मिनिटांत मला अकरा वेळा पडला.

७.५७ ला ऑम्लेट आलं तेव्हा त्याच्यावर साय आल्यासारखी कातडी होती आणि खाली पाणी सुटलं होतं. ताटलीला हात लावला. गरम नाही, गार नाही, काहीच नाही. हाताला काहीच जाणवत नाही म्हणजे ती वस्तू जवळजवळ अंगाएवढ्याच ऊबेची असते. आमच्या लॅबमध्ये जंतू वाढवायचे असले की आम्ही त्यांना ३७ अंशांवर ठेवतो, त्यांना ते फार मानवतं. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवावं, हा नियम तेवढ्याचसाठी. अकरा मिनिटांत कुणी आजारी पडत नाही, उगाच घाबरवायचं नाही मला. पण ज्या तापमानाला मी रोज हातमोजे घालून हात लावते, त्या तापमानाचा नाश्ता समोर आला की जीभ मागे सरते. हेच सँपल म्हणून माझ्याकडे आलं असतं तर कारण लिहून परत पाठवलं असतं.

बटाटे: कढईत गर्दी करून परतलेले, त्यामुळे परतण्याऐवजी वाफवले गेलेले. मीठ कमी. कॉफी: काचेच्या भांड्यात तापत्या तबकडीवर उभी होती, किती वेळ देवजाणे. कॉफी अशी तापत ठेवली की आंबट-कडू होत जाते, ती झाली होती. साधा थर्मास आणला तर हे टळेल. ही युक्ती मुळात आमच्याच लोकांची आहे बरं का, जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये तो फ्लास्क केला तो प्रयोगशाळेसाठी, अतिथंड द्रव ठेवायला. कॉफी त्यात नंतर शिरली.

८.०५ झाले तरी बिनसाखरेचा चहा नव्हता. मी उठून गल्ल्यावर गेले. आवाज चढवला नाही, रात्रभर जागून आवाज चढतही नाही. सांगितलं की ऑम्लेट अकरा मिनिटं खिडकीत होतं आणि चहा अजून आलेला नाही. गृहस्थ पट्टी फाडता फाडता म्हणाले, "सकाळी गर्दी असते, मॅडम." मी मागे वळून पाहिलं. चार टेबलं भरलेली होती ती आता तीन झाली होती. मी म्हटलं, "गर्दी कुठे आहे?" त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं. मग विचारलं, "बाकी टेस्ट कशी होती?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोन उचलला.

परत टेबलाकडे न जाता मी खिडकीशीच गेले. आचारी पन्नाशीचे असतील. म्हटलं, "काका, एक अंडं तव्यावर फोडून द्याल? पांढरं घट्ट, बलक जरा ओलसर. वडील उपाशीपोटी रक्त देऊन आलेत. मी इथेच थांबते." त्यांनी बाबांकडे एकदा पाहिलं, पंखा बंद केला आणि तवा पुढे ओढला. थोडं तेल, अंडं, वर झाकण, तीन मिनिटं. ताटली आधी तव्याच्या कडेला धरून ऊबवली, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. एक ताजा टोस्ट तिरका करून बाजूला ठेवला, अंड्याखाली घातला नाही. मी ती ताटली हातात धरली तर चटका बसला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. तेव्हाच नऊ पावलं मोजली.

ते अंडं उत्कृष्ट होतं. पांढऱ्याची कड जाळीदार, बलक टोस्ट बुडवावा इतकाच वाहता. बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर न करता खाल्लं. ८.०९ ला चहाही आला, बिनसाखरेचा, मुलाने बशीत न सांडता आणला आणि "काका, सॉरी हं," म्हणाला. बाबा त्याला म्हणाले, "अरे, तू एकटा किती पळशील?" मला सुचलं नसतं.

तेव्हा माझं मत असं. त्या स्वयंपाकघराला रांधता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि बाबांनी जिभेने. बिघडतं ते आधी पातेल्यात आणि नंतर खिडकीत. अंडी पहाटे उकडून ठेवायची, चहात साखर आधीच ओतून ठेवायची, टोस्ट रचून झाकून ठेवायचा, ऑम्लेट पंख्याखाली ठेवायचं. सगळं ठेवलेलं. पार्सलांना सकाळचे दोन तास वेगळा माणूस दिला आणि तो दिवा लावला, तर अर्ध्या तक्रारी तिथेच संपतील. आचारी काकांना पाच तारे. मुलाला चार, त्यातला एक चहाबद्दल कापला. हॉटेलला दोन. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी निघताना पहिल्या चहाचे पैसे वगळतो म्हटलं, पण बाबांनी ऐकलं नाही, दोन घोट प्यायलो म्हणाले.

पीपीचं म्हणाल तर ९.५२ ला रक्त घेतलं खरं, पण खाणं ८.२५ पर्यंत चाललेलं, त्यात साखरेचे दोन घोट, अर्धे टोस्ट ताटलीत आणि दोनाऐवजी तीन अंडी. त्या आकड्याला काही अर्थ नाही. फॉर्मवर तसं लिहिलं आणि डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी पुन्हा करायला सांगितलं. या वेळी डबा घेऊन या, असं मी बाबांना बजावलं आहे. ते म्हणतात, तिथेच जाऊ, फक्त खिडकीजवळचं टेबल धरू.

मी अजून हो म्हटलेलं नाही.